हॉटेल दुपारी बघावं

"हॉटेल आणि स्थळ, दोन्ही दुपारी बघायचं असतंय पोरी. दिव्याच्या उजेडात भोपळासुद्धा गोरा दिसतो."

हे वाक्य मी फोनवर ऐकलं, आणि ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांना तोवर मी पाहिलंही नव्हतं. माँट्रियलजवळच्या लव्हालला एका मराठी माणसाचं बेसमेंट रिकामं आहे, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं. मी आपली नम्रपणे विचारत होते, की कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी सहाला जागा बघायला येऊ का. त्यावर हे उत्तर. मी म्हटलं, "काका, मला हॉटेल नकोय, खोली हवीय."

"नियम सगळ्याला एकच. शनिवारी बाराला ये. जेवूनच जा."

जेवून गेले आणि पुढे पाच वर्षं तिथेच राहिले.

बेसमेंटला खिडकी म्हणजे वीतभर फट होती. तिच्यातून उन्हाळ्यात गवत दिसायचं आणि हिवाळ्यात बर्फ. काकांना याची फार खंत. म्हणून त्यांनी आपल्या मनाने एक कायदा केला होता, की भाडेकरूला रविवारी सकाळी वरच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून चहा प्यायचा हक्क आहे. खुर्चीसुद्धा वेगळी ठेवली होती. तिच्यात काकूंनाही बसू देत नसत. "ती भाडेकरूची खुर्ची," म्हणायचे. समोर दिसायचं काय, तर शेजाऱ्याचं गॅरेज आणि एक मेपलचं झाड. पण मी बसले की काका मागे उभे राहून विचारायचे, "कसा वाटला व्ह्यू?" आणि मला दर रविवारी काहीतरी नवीन सांगावं लागायचं.

काका मूळचे इचलकरंजीचे. तरुणपणी माँट्रियलला आले आणि रिटायर होईपर्यंत एकच काम केलं, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचं. शहरातली एकूण एक उंच इमारत त्यांना आतून पाठ. पण आतून म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यातून आणि छतावरच्या मशीन रूममधून. वरच्या मजल्यांवर जी नावाजलेली हॉटेलं आहेत, जिथे लोक मेणबत्ती लावून नदी बघत जेवतात, ती त्यांना फक्त वासावरून माहीत. अमक्या ठिकाणी बुधवारी मासे असायचे, तमक्या ठिकाणी कांदा नेहमी करपवायचे, असं ते छातीठोकपणे सांगत. टेबलाशी बसून मात्र एकदाही जेवले नव्हते. रिटायर झाल्यावर काकूंना घेऊन अशा एका हॉटेलात जायचं, पण जायचं तर नीट निवडून जायचं, असं त्यांनी ठरवलं. तिथून हे बघण्याचं खूळ सुरू झालं.

पद्धत ठरलेली. तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत जेवायचंच नाही. भर दुपारी जायचं, पाणी मागायचं, वॉशरूम बघून यायची ("मोरी बघितली की घर कळतंय"), आणि वेटरला विचारायचं, आचारी कुठला, किती वर्षं इथे आहे, घरी कोण कोण असतं. दुसऱ्या फेरीत एकच पदार्थ, बहुतेक सूप. तिसऱ्या फेरीत खिशातून होकायंत्र काढून खिडकीकडेच्या एकेका खुर्चीत बसून बघायचं. होकायंत्राचं मला हसू यायचं, पण त्यात त्यांची चूक नव्हती. माँट्रियलमध्ये लोक जिला पूर्व म्हणतात ती खरी पूर्व नव्हेच. नदी तिरकी वाहते, रस्ते नदीला धरून आखलेत, त्यामुळे सगळं गावच तिरक्या दिशा सांगतं. "इथं सूर्यावर विश्वास ठेवायचा," काका म्हणत, "पाटीवर नाही."

त्यांचं फ्रेंच लिफ्टच्या खड्ड्यात शिकलेलं. व्याकरण नव्हतं, दम होता. बरोबरचे मेकॅनिक बोटावर हातोडी बसली की "ताबार्नाक" म्हणायचे, तो काकांना आपल्या "अरे देवा"सारखा शब्द वाटला. ती इथली सणसणीत शिवी आहे हे कळायला आठ वर्षं गेली आणि तोवर जिभेला वळण पडलं होतं. सूप आवडलं तरी ताबार्नाक, गार निघालं तरी ताबार्नाक. सत्तरीतला, कोट घातलेला माणूस प्रसन्न चेहऱ्याने हे म्हणतोय म्हटल्यावर वेटरांना हसावं की मॅनेजरला बोलवावं कळत नसे.

आणि हे सगळं पार पडलं तरी एक परीक्षा उरायची. काकांच्या कोटाच्या खिशात काकूंच्या हातच्या लसणीच्या चटणीची स्टीलची डबी असे. तिसऱ्या फेरीत ती टेबलावर उघडी ठेवायची आणि काय होतं ते बघायचं. बाहेरचं खाणं चालणार नाही म्हणाले, की हॉटेल बाद. काही न बोलता दुर्लक्ष केलं, तरीही बाद. "आचारी असून वासानं बाहेर आला नाही, तो कसला आचारी?"

साहजिकच कुठलंच हॉटेल पास होईना. एकाची लिफ्ट वर थांबताना हिसका द्यायची. एकाच्या खुर्च्या इतक्या बुटक्या की बसल्यावर नुसतं आभाळ दिसायचं. जुन्या बंदराजवळच्या एका हॉटेलात मी त्यांच्याबरोबर गेले होते. जागा सुंदर, खाणं सुंदर, पण वेटर दर पाच मिनिटांनी येऊन सगळं ठीक आहे ना विचारत होता. काका बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पण सासू लै मधी मधी करती." ते हॉटेलही गेलं. सहा वर्षं हा कार्यक्रम चालला. काकूंनी त्यांच्याबरोबर जाणं केव्हाच सोडलं होतं. "चाळीस स्थळं बघून झाली," त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "लग्न एकाचंही नाही. मी आपली घरीच जेवते."

मला हे सगळं गंमत म्हणून बघायला बरं वाटायचं. माझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र तेच काका माझा आधार झाले.

माझी आई कऱ्हाडला मुख्याध्यापिका होती. मला इथे पाठवताना तिने एकच गोष्ट वदवून घेतली होती, शिकून परत येशील. मी हो म्हटलं होतं. मग शिकणं संपलं, नोकरी लागली, आणि मी "अजून दोन वर्षं" म्हणायला लागले. ती दोन वर्षंही संपत आली तेव्हा "डिसेंबरात येते" म्हणाले. प्रत्यक्षात मी पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याला, अप्लाय केलं होतं. ते जुलैत मिळालं. पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि फोनवर सांगायची माझी छाती होत नव्हती. तेवढ्यात आईच ऑक्टोबरात सहा आठवड्यांसाठी आली, मला सामान आवरायला मदत करायला. येताना एक मोठी बॅग रिकामी घेऊन आली होती. कऱ्हाडच्या माझ्या खोलीला तिने नवा रंग दिला होता. त्याचे फोटो तिने मला विमानतळावरच दाखवले.

मी रडकुंडीला येऊन काकांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असली गोष्ट घरात सांगायची नसतीया. उंचावर सांगायची. मी इतकी वर्षं उंचावर काम केलंय. वर गेलं की माणसाचा राग लहान होतोय. खाली मोटारी मुंगीएवढ्या दिसायला लागल्या की माणूस भांडणार कुणाशी?"

"पण काका, तुमचं हॉटेल अजून ठरायचंय."

"तुझ्यासाठी ठरवतो."

आणि खरोखर आठवडाभरात ठरवलं. डाउनटाउनमध्ये एका टॉवरच्या माथ्यावरचं. त्याची लिफ्ट काकांनी स्वतः वीस वर्षं सांभाळली होती. वॉशरूम लख्ख होती. खुर्च्यांची उंची बेताची होती. तिसऱ्या फेरीला काकांनी डबी उघडली, आणि आतून शेफ बाहेर आली. पन्नाशीची, थोराड बांध्याची, समुद्राकाठच्या खेड्यातली क्वेबेकवाली बाई. तिने न विचारता डबीत बोट घातलं, चाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि जो शब्द उच्चारला तो काकांचाच होता. "पोरी, स्थळ पसंत," घरी येऊन काकांनी जाहीर केलं. पश्चिमेकडचं टेबल साडेपाचला बुक केलं, म्हणजे सूर्यास्त होताना आईचं सूप संपत आलेलं असेल आणि गोड येईपर्यंत मी बोलून मोकळी झालेली असेन. दोन तास टेबल आपलं. लिफ्टपासून लसणीपर्यंत सगळं तपासून झालं होतं.

त्या दिवशी दुपारी काकांनी टाय बांधला. निळा, नवा कोरा. आम्ही निघणार, एवढ्यात आई वर आली, नेसून, तयार होऊन, आणि सहज म्हणाली, "मी पाणी तेवढं घेईन हं. आज संकष्टी आहे ना."

काकूंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. दाराच्या मागे गावाहून आणलेलं कॅलेंडर लटकत होतं आणि त्या तारखेच्या चौकोनात गणपती बसलेला होता. ज्या माणसाने चाळीस हॉटेलांच्या मोऱ्या तपासल्या, त्याने स्वतःच्या दारामागचं कॅलेंडर बघितलं नव्हतं. आणि मी तरी कुठे बघितलं होतं? आई जन्मभर संकष्टी करते, चंद्र बघितल्याशिवाय घास घेत नाही, हे काय मला माहीत नव्हतं?

"ताबार्नाक," काका म्हणाले.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"अरे देवा म्हणाले," काकू म्हणाल्या.

फोनवर शोधलं तर इथला चंद्रोदय आठ वाजून दहा मिनिटांनी. टेबल साडेसातला सोडायचं. शिवाय ते पश्चिमेला, आणि चंद्र यायचा पूर्वेला. मी म्हटलं, रद्द करू. काका म्हणाले, "ठरलेलं स्थळ मोडायचं नसतंय. चला."

गेलो. काकू नेहमीसारख्या घरीच राहिल्या. लिफ्ट न हिसकता वर थांबली, काकांनी तिच्या दाराला हळूच थोपटलं. टेबल त्यांनी सांगितलं होतं तसंच होतं. खाली सगळं शहर, डोंगरावरची झाडं लाल आणि केशरी झालेली, आणि मागे सूर्य उतरत होता. आई काचेला नाक लावून बघत राहिली. "केवढं गं हे," ती म्हणाली, आणि मग शाळेतल्या सवयीने विचारत सुटली, तो पूल कुठला, ते चर्च किती जुनं, इथली मुलं शाळेत कशी जातात. काका एकेकाचं उत्तर देत होते. दोघांची छान गट्टी जमली. फक्त जेवत कुणी नव्हतं. काका म्हणाले, "पाहुणी उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरणार नाही." आई पाणी पीत होती, काकांनी मागवलेलं सूप गार होत होतं, आणि मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. उपाशी माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, एवढं मलाही कळत होतं.

सव्वासात वाजता वेटर अदबीने येऊन उभा राहिला. पुढचे लोक यायचे होते. काकांनी त्याला फ्रेंचमध्ये समजावलं. मला जे कळलं ते असं, की ही बाई हेडमास्तरीण आहे, हिला चंद्र भेटल्याशिवाय ही जेवत नाही, आणि चंद्राला उशीर झालाय. वेटर म्हणाला, पूर्वेकडची सगळी टेबलं भरलेली आहेत. आणि काकांनी होकायंत्रात बघून त्याला सांगितलं, की तुम्ही जिला पूर्व म्हणता तिथे चंद्र येणारच नाही, तो येणार स्टेडियमच्या उजवीकडे, नदीपलीकडे. त्या बाजूला तर हॉटेलला खिडकीच नव्हती. तिकडे स्वयंपाकघर होतं.

काकांचा हात टायच्या गाठीशी गेला. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "खिडकी हाय. स्वयंपाकघराच्या मागं, लिफ्टच्या मशीन रूमकडे जायच्या वाटेवर. वीस वर्षं मी तिथंच डबा खाल्लाय, क्रेट पालथा घालून. खरं सांगू? या शहरात तिच्यासारखा व्ह्यू दुसरा नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आज मी टाय घालून आलो होतो गं," काका म्हणाले.

मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण ते उठले होते. शेफबाईंना शोधून त्यांच्याशी हातवारे करून बोलले, आणि पाच मिनिटांत आम्ही तिघं भांड्यांच्या आणि वाफेच्या मधून, जपून, गरम आहे, असं काहीतरी फ्रेंचमध्ये ऐकत मागच्या वाटेवर पोचलो. एक अरुंद, उभी खिडकी होती. खाली काळी पडत चाललेली नदी, पुलावरचे दिवे, पलीकडे सपाट अंधार. काकांनी कोपऱ्यातले तीन क्रेट पालथे घातले. तेवढं काम त्यांच्या हातांनी विचार न करता केलं.

आईला मात्र सगळं रीतसर हवं होतं. फूल हवं, अक्षता हव्यात, दूर्वा हव्यात. काकांनी भाषांतर केलं. शेफबाईंनी ताटं सजवायच्या डब्यातून एक केशरी फूल दिलं, तांदूळ दिले, आणि दूर्वा म्हणून कसल्याशा कोवळ्या पात्यांची जुडी दिली. नैवेद्याला तपकिरी रंगाचा एक खडा आणला, मेपलच्या साखरेचा. आईने हुंगला. "हा तर गूळच की," ती म्हणाली, आणि त्या बाईकडे अशी बघून हसली की मला वाटलं, आता या दोघींना भाषा लागणार नाही.

आठ दहाला काही दिसलं नाही. आठ वीसला नदीपलीकडे एक तांबूस कड वर आली. मग हळूहळू सगळा चंद्र, थोडासा झिजलेला. भांडी घासणारेसुद्धा हात पुसत येऊन बघून गेले. आईने वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत सोडून अर्घ्य दिलं, हात जोडले, डोळे मिटले. ते उघडले तेव्हा ती इतकी समाधानी दिसत होती, की मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"आई, मला पीआर मिळालंय. मी डिसेंबरात परत येत नाहीये. म्हणजे, राहायला कधीच येत नाहीये."

आईच्या हातात वाटी तशीच राहिली.

"कधी मिळालं?"

"जुलैत."

"म्हणजे मी तिकीट काढायच्या आधी."

"हो."

"आणि खोलीला कुठला रंग देऊ विचारलं तेव्हा? फिका पिवळा म्हणालीस ते?"

"तेव्हासुद्धा."

काका मध्ये पडले. "ताई, जरा बाहेर बघा. इथनं सगळं कसं लहान लहान दिसतंय..."

"भाऊ, तुम्ही गप्प बसा," आई मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली. "माझा राग काही लहान झालेला नाही. आणि मला भूक लागलीय. आधी जेवू दे."

शेफबाईंनी तिच्यासाठी आधी भरपूर लसूण घालून मशरूम केले होते, चटणीवाल्या काकांची पाहुणी म्हणून. संकष्टीला लसूण चालत नाही म्हटल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवले आणि भोपळा लोण्यावर परतून दिला, मऊ भात दिला. आई क्रेटवर बसून जेवली. डोळे पुसत, पण व्यवस्थित जेवली. भात पुन्हा मागून घेतला. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे होतो. काका हातातलं होकायंत्र उघडत होते, मिटत होते. इतक्या खात्रीने मांडलेला त्यांचा सिद्धांत असा तोंडावर पडला होता.

ताट संपवून आईने हात धुतले. खिडकीशी गेली.

"भाऊ, कऱ्हाड कुठल्या बाजूला?"

काकांनी घाईघाईने होकायंत्र धरलं. "विमान वरनं, उत्तरेकडनं जातंय. म्हणजे असं, त्या स्टेडियमच्या अंगानं."

आई बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग वळली ती काकांकडेच.

"हॉटेल तुम्ही चांगलं बघता," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी हिच्या बाबांना घेऊन येईन. तेव्हाही तुम्हीच बघा. तारीख मात्र मी काढीन."

पुढच्या वेळी, असं ती म्हणाली. मला ते कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर मी तिथेच, शेफबाईंच्या आणि सगळ्या भांडी घासणाऱ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडायला लागले.

"आता काय झालं हिला?" आई म्हणाली. "रंग पिवळाच राहू दे. सुट्टीला येशील तेव्हा लागेल की खोली. आणि जेव आधी. सकाळपासून तुझ्याही पोटात काही नाही, मला दिसत नाही का?"

मी क्रेटवर बसले. वाढायला कुणी वेटर तिथे येणार नव्हताच. काकांनी निळा टाय उचलून खांद्यामागे टाकला, बाह्या सारल्या, आणि भाताचं पातेलं घेऊन मला वाढायला लागले.